किडा नसलेला गाळ

मला काय झालं होतं असं कुणी विचारलं की मी आधी टाचा दाखवते. विष माझ्या तोंडातून गेलं नाही, टाचांच्या भेगांतून गेलं. ऐकणाऱ्याला हसू येतं, मग माझं तोंड बघून तो ते गिळतो. दवाखान्यात मला बघायला जे आले, त्यातल्या निम्म्यांना मी औषध प्यायले असंच वाटत होतं, आणि काहींना तर मला ते कुणी पाजलं हेही माहीत होतं. म्हणून हे लिहून ठेवते. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर बरं आहे, आणि आता हात थरथरत नाही.

माझं नाव विमल. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. लग्नानंतर सुरतला आलो ते लिंबायतलाच राहिलो. माझ्या मुलाचे, रघूचे, वडील कापडाच्या लूमवर होते, त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. रघू पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या खात्यात. त्याची बायको संगीता, शिरपूरकडची, कमी बोलणारी. आणि मी चुली करणारी. रॉकेलचा स्टोव्ह घरोघर आला तरी कळण्याची, म्हणजे उडीद-ज्वारीच्या पिठाची, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच हवं असणाऱ्या बाया आमच्या वस्तीत खूप होत्या. माझ्या चुलीला तडा जात नाही असं नाव होतं. त्या नावाचा मला जरा माजच होता म्हणा ना.

गाळ

सुरतेत प्लेग आला त्या सालानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. दिवाळी झाली की तापीचं पाणी उतरतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. तो गाळ, भुसा आणि शेण पायाने तुडवायचं, दिवसभर मुरू द्यायचं आणि मग चूल घडवायची, ही माझी रीत. दरवर्षी ज्या घाटाजवळून मी गाळ आणायची, तिथे त्या साली भिंतीचं काम चालू होतं. मग मी आणि संगीता लारी, म्हणजे हातगाडी, घेऊन पुढे गेलो. एका वळणावर भंगारवाले रिकामी पिंपं धुवत होते. पाणी भरायला लोक ती पिंपं विकत घेतात, आमच्याही दारात एक आहे. त्यांच्या खालच्या अंगाला गाळ इतका मऊ, इतका काळाभोर होता की माझा जीवच गेला त्याच्यावर.

हातात घेऊन चाळवला. एक गांडूळ नाही. एक खेकडा नाही. वर साधी माशी बसत नव्हती. आमच्या धंद्यात गांडूळ म्हणजे वैरी. ते वाळत्या चुलीत भोक पाडतं आणि चूल तिथूनच फुटते. मी संगीताला म्हटलं, "पाह्य, किडा नही की मुंगी नही. असा चोख गाळ मी जलममा पाह्या नही."

ती वास घेत म्हणाली, "आत्याबाई, फवारणीना वास ई राहिना."

वास मलाही आला होता. आणि खरं सांगते, मला तो आवडला. माझे वडील कपाशी फवारून घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तोच वास असायचा. कपाशीच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या वासाची भीती वाटत नाही, माहेरची आठवण येते. आम्ही त्याला विष म्हणतच नव्हतो, औषध म्हणत होतो. ढेकणांना तेच, उवांनाही तेच. उलट मी मनात म्हटलं, बरं झालं, या चुलींना मुंग्या-झुरळं लागणार नाहीत. चार गिऱ्हाइकांना मी तसं सांगितलंसुद्धा. नदीने मला समोर उभं राहून सांगितलं होतं की इथे काही जगत नाही, आणि मी त्याची जाहिरात करत फिरले!

तो मंगळवार

पहिल्या खेपेला थोडाच गाळ तुडवून चार चुली केल्या. त्या दिवशी डोकं दुखलं, मळमळलं. उन्हाने पित्त झालं म्हणून आलं चघळलं आणि झोपले. चुली उन्हात छान वाळत होत्या. मंगळवारी उरलेला सगळा गाळ काढला.

सकाळीच संगीताशी वाजलं. ती म्हणत होती, आता पुरे करा, कंबर धरते, टाचा फुटल्यात, रघूचा पगार आहे. वाईट काहीच बोलत नव्हती ती. पण माझं डोकं आधीच ठणकत होतं, आणि माझा आवाज काय, चार घरं ओलांडून जातो. मी ओरडले, "मी मरसू, पन चुला करसू!" सगळ्या गल्लीने ऐकलं.

मग गुडघ्याएवढ्या गाळात उभी राहून दोन-अडीच तास तुडवत राहिले. रागात पाय जोरात चालतात. आधी घाम सुटला. थंडीचे दिवस आणि लुगडं पिळून काढावं इतका घाम. मग तोंडाला पाणी सुटू लागलं, थुंकलं तरी पुन्हा भरायचं. समोरची भिंत धुरकट दिसायला लागली. दंडातलं मांस आपोआप उडत होतं, जणू आत कुणी उंदीर सोडलाय. मी संगीताला हाक मारली की नाही मला आठवत नाही. ती सांगते, मी गाळातच बसले आणि मग आडवी झाले. तिनेच मला ओढून बाहेर काढलं, रिक्षात घातलं, आणि माझं डोकं मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात नेलं.

फुगा

दवाखान्यातलं मला तुटक आठवतं. कुणीतरी माझ्या गालावर चापट्या मारत विचारत होतं, "बेन, दवा पीधी? केटली पीधी?" औषध प्यायलीस का, किती प्यायलीस. मी मान हलवायचा प्रयत्न करत होते. नळीने पोट धुतलं. मग श्वास कमी पडू लागला. पाण्यात बुडताना होतो तसा जीव, फक्त पाणी कुठेच नाही. त्यानंतर घशात नळी घातली आणि माझा आवाज गेला. लिंबायतला त्या दिवशी शांतता वाटली असेल.

श्वास देणारी मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेली होती. माझ्या नळीला एक रबरी फुगा जोडला. तो हाताने दाबायचा, तीनपर्यंत मोजायचं, पुन्हा दाबायचा. तो दाबला की माझ्या छातीत हवा जायची. सिस्टरांनी रघूला शिकवून ठेवलं, "रुकना नहीं, बस." एवढाच धडा.

दोन दिवस माझा श्वास दुसऱ्यांच्या हातात होता. रघूने दाबला. त्याच्या खात्यातल्या दोघांनी पाळ्या बुडवून दाबला. आमच्या शेजारच्या कमलबाईंनी दाबला. त्यांची मुलगी नुकतीच बाळंत झाली होती, घरात ओली बाळंतीण ठेवून त्या यायच्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ, ओरिसाचा लूमवाला, त्यानेही एक अख्खी सकाळ दाबला. त्याचं नाव विचारायचं राहिलं, कारण नळी निघेपर्यंत ते लोक निघून गेले होते. रोज देवापुढे दिवा लावताना मी त्याला आठवते, नाव नसलं तरी.

आणि सगळ्यात जास्त दाबला संगीताने.

माझी मान

आता जे लिहिते ते लिहायला अवघड आहे, पण त्यासाठीच तर बसले.

पोटात औषध असल्याचा संशय, सासू-सुनेचं भांडण, आणि सासू म्हणते मरसू. पोलीस आले. डॉक्टरांना ते कळवावंच लागतं. हवालदाराने दारात उभ्या संगीताला विचारलं, "सासु-वहु वच्चे झगडो थयो हतो?" ती म्हणाली, हो, झालं होतं भांडण. खोटं बोलायला तिला येतच नाही. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी, कपाळावर घाम, हात थरथरणारे. बघणाऱ्याला वाटावं, हिच्या मनात काहीतरी आहे.

माझी नणंद लीलाबाई गोडादऱ्याहून आली होती. जीवाची चांगली, पण निकाल आधी आणि चौकशी मग. मी बेशुद्ध आहे असं समजून ती माझ्या उशाशी रघूला म्हणाली, "तिना हातमा फुगा देऊ नको. सकायना चहा कोणी करा व्हता?"

चहा संगीतानेच केला होता.

मला जे इंजेक्शन देत होते त्याने तोंड सुकायचं, छाती धडधडायची आणि नाही ते दिसायचं. भिंतीवरून माणसं चालायची. मी नळ्या ओढू नयेत म्हणून हात खाटेला बांधले होते. तशात लीलाबाईचं बोलणं कानात घुसलं आणि तिथेच बसलं. दुपारी डोळे उघडले तर संगीता फुगा घ्यायला पुढे झालेली. आणि मी मान हलवली. नाही म्हणून. तिच्या हातून नको म्हणून.

औषधाचा अंमल होता, असं म्हणून मी सुटू शकते. डॉक्टरही तसंच म्हणाले असते. पण मला ठाऊक आहे, त्या एका क्षणी मी खरंच मानलं होतं की हिनेच मला चहातून काहीतरी दिलं. सहा वर्षं माझ्या हाताखाली राहिलेली पोर, जिने मला गाळातून ओढून काढलं. फुगा दाबता दाबता रघूचे डोळे मिटत होते, लीलाबाई चहाला गेली होती, दुसरं कुणी नव्हतं. संगीताने फुगा घेतला आणि दाबायला लागली. ओठ हलत होते तिचे, एक, दोन, तीन.

बॅटरी

आमच्या वॉर्डात एक चष्मेवाली तरुण डॉक्टरीण होती, गुजराती. तीन दिवसांत तिला मी बसलेली पाहिलीच नाही. त्या दुपारी ती माझे डोळे तपासायला आली, खिशातून छोटी बॅटरी काढली, आणि माझ्याऐवजी संगीताकडेच बघत राहिली. फुगा दाबणाऱ्या हाताचं मांस फडफडत होतं. संगीता मधूनमधून पदराने तोंड पुसत होती.

डॉक्टरणीने बॅटरी संगीताच्या डोळ्यांत मारली. वॉर्डात काळोखी होती, तरी तिच्या डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी बारीक झालेली. औषध अंगात गेलं की ती तशी होते, हे मला मागून कळलं.

"तुमने भी पी?" डॉक्टरणीने घाबरून विचारलं.

"नही बाई, कोनीच काही पिधं नही," संगीता म्हणाली. मग हिंदीत जुळवून सांगितलं, "हमने सिर्फ मिट्टी का काम किया."

डॉक्टरणीने माझ्या पायावरची चादर बाजूला केली. टाचांच्या भेगांत काळा गाळ अजून तसाच होता. कुणी तोंड धुतलं, पोट धुतलं, पाय कुणी धुतले नव्हते. तिने वाकून वास घेतला आणि सिस्टरला ओरडून साबण मागवला.

त्या वासाबरोबर मलाही सगळं उमगलं. आणि उमगताच दुसरी गोष्ट आठवली. आधी घडवलेल्या चार चुली. त्यातली सगळ्यात लहान, हलकी चूल मी कमलबाईंच्या लेकीसाठी केली होती. बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवायला. खोलीला एकच खिडकी, आणि ती गारठ्यामुळे बंद, म्हणजे तापलेल्या मातीतलं विष सगळं आतच.

मी बांधलेले हात आपटायला लागले. डॉक्टरणीने दोरी सोडली, केसपेपरची मागची बाजू पुढे धरली, हातात पेन दिलं. अक्षरं एकावर एक चढली, पण रघूला वाचता आली: चुली पेटवू नका.

संगीताने तोंडावर हात ठेवला. "मी देई उनू," ती म्हणाली. "काल सकायले. चारी घर. आत्याबाईना शबद जावाले नको म्हनीसन."

माझा शब्द राखायला पोरीने विष घरोघर पोचवलं होतं. रघू अनवाणीच पळाला.

कमलबाईंचं घर

तो परत येईपर्यंतचा वेळ माझ्या आजारातला सगळ्यात वाईट. श्वास बंद पडला तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. स्वतःच्या मरणाची भीती एका जागी असते, ही सगळ्या अंगात होती. दरम्यान संगीताला साबणाने आंघोळ घातली, इंजेक्शन दिलं, माझ्याच बाजूच्या रिकाम्या खाटेवर निजवलं. फुगा लीलाबाईच्या हातात होता आणि ती रडत रडत मोजत होती. मध्येच आकडा चुकायची, सिस्टर ओरडायची.

रघूबरोबर कमलबाई स्वतःच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "थंडी शे चूल. हात बी लाया नही कोनी."

तीन घरी चुली अजून ओलसर म्हणून ठेवल्या होत्या. कमलबाईंची मात्र वाळून तयार होती. लाकडंही आणून ठेवली होती. त्यांच्या जावयाने दोनदा काडी ओढली आणि दोन्हीदा त्यांनी विझवली. आमच्याकडे नव्या चुलीत पहिला जाळ चूल घडवणारणीच्या हातून करतात, तिला कुंकू लावून पहिली भाकरी देतात. हल्ली कोण एवढं पाळतं? पण कमलबाईंनी पाळलं, तेही मी मरणाच्या दारात असताना. जावई म्हणाला, त्या बाई काय घरी येतात आता. त्यावर कमलबाई म्हणाल्या होत्या, "ती ई तव्हयच चूल पेटी. नही तं स्टोव्हवर पानी तपाडसूत."

मी परत येईन असं बहुधा त्या एकट्याच धरून चालल्या होत्या, आणि त्यातच त्यांचं नातवंड वाचलं. मी रडले. नळी असताना रडू येत नाही नीट, नाकातून येतं. कमलबाईंनी पदराने माझं नाक पुसलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचे दिवस

नळी निघाली त्या दिवशी पहिला शब्द काय बोलू म्हणून मी ठरवत होते. निघाला तो "पाणी". आवाज असा की कोंबडीच बोलली. वॉर्डातली आया, साठीची गुजराती बाई, मला रोज चमच्याने पातळ खिचडी भरवायची आणि म्हणायची, "खाई ले दीकरी." दीकरी! पन्नाशीला टेकलेल्या मला कुणी मुलगी म्हटलं, तेही किती वर्षांनी. हवालदार परत आला, कागद लिहून घेतला, आणि जाताना संगीताला बेन म्हणून हात जोडून गेला. लीलाबाईने तिला साडी आणली. माफी मागितली नाही, पण आमच्या घरात साडी हीच माफी असते.

डॉक्टरणीने कुठेतरी पत्र लिहिलं. एक माणूस आला, त्याने नदीचं पाणी बाटलीत नेलं आणि गाळ पिशवीत. पुढे त्याने रघूला सांगितलं ते मी लक्षात ठेवलं आहे: वाहतं पाणी पुढे जातं, पण पिंपांतून धुतलेलं औषध तळाला बसतं, वरून नदी निवळ दिसली तरी गाळ विसरत नाही. ती पिंपं पुढे त्या वळणावर धुताना दिसली नाहीत. दुसऱ्या कुठल्या वळणावर धुतात का, ते मला माहीत नाही.

ज्यांच्या घरी असं होईल त्यांना माझं एवढंच सांगणं. कशात हात-पाय घातले होते ते डॉक्टरांना आधी सांगा. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, नखं आणि टाचाही. आणि माणूस वाचेपर्यंत कुणाला गुन्हेगार ठरवू नका. गाळ जिथे जिवंत दिसतो तिथलाच घ्या. गांडूळ असेल तर पाया पडा त्याच्या.

माझ्या पायांत ताकद यायला दोन महिने लागले. चुली मी पुन्हा केल्या, पण शेतातली माती मागवून. त्यांना बारीक तडे जातात. गिऱ्हाईक कुरकुर करतं, मी ऐकून घेते.

संगीता

घरी आल्यावर बरेच दिवस मी तिच्याशी गोड बोलत होते. इतकी गोड की रघूला शंका आली, आईला अजून ताप आहे का. खरं तर माझ्या पोटात ते साचलं होतं. एका दुपारी ती माझ्या टाचांना कोकम तेल लावत बसली होती, तेव्हा मी बोलून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी फुगा घेताना मी मान हलवली. मला वाटलं होतं, तूच मला घातलंस काहीतरी. माले माफ कर.

ती टाचेवर अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, "माले माहीत शे. मी पाह्यं ना."

"पाह्यं? मंग तुले राग नही उना?"

"उना ना."

"मंग तरी दाबत कशी राहिनी तू?"

तिने दुसरा पाय मांडीवर ओढून घेतला.

"तीनपावतर मोजनं व्हतं, आत्याबाई. तेवढामा रुसाले येळ कोठे व्हता?"